पौने चार चोर

चोर दारातून आत आले, तेव्हाच काहीतरी चुकलंय हे अमरदीपला कळलं.

ते माळवदातून यायला हवे होते. छताला उजेडासाठी ठेवलेल्या चौकोनी भोकातून, दोराला लटकत, एकामागून एक. आणि चौथ्यानं दोर धरायचाच विसरून धपकन खाली पडायला हवं होतं. त्या पडण्यावर अमरदीपनं आपल्या पुस्तकात साडेचार पानं लिहिली होती. मुंबईत बनलेल्या हिंदी चित्रपटातल्या घराला मराठवाड्यातल्यासारखं माळवद कसं, याचाही त्यानं तिथं खुलासा केला होता. दिग्दर्शकाच्या मनातलं गाव असं आडून आडून शहरात उतरतं, वगैरे. पडद्यावर मात्र चोरांनी घंटी वाजवली, नोकरानं दार उघडलं, आणि तिघं पायपुसण्याला पाय पुसून आत गेले.

शेजारच्या खुर्चीवर त्याचे वडील, उत्तमराव, मान पुढं काढून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

“नीट दिसतंय ना, बाबा?”

“दिसतंय की. चुकीचं लावायलेत.”

“तोच आहे. नाव बघितलं ना तुम्ही? पौने चार चोर.”

“नाव काय, कुणी बी ठेवतं,” उत्तमराव म्हणाले, आणि पलीकडे बसलेल्या जुन्या मित्राला, नामदेवरावांना, त्यांनी कोपरानं ढोसलं. “काय रे नामदेव?”

मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून नामदेवराव पडद्याकडे बघत होते. एखाद्या अनोळखी माणसानं आपल्याला नावानं हाक मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

जामबागेतल्या एका जुन्या शाळेचं ते सभागृह. रविवारची सकाळ. तीस-पस्तीस माणसं आली होती, आणि जुन्या चित्रपटांच्या मंडळाच्या मानानं ही गर्दीच म्हणायची. मंडळ हेमंतचं. हेमंतच्या घरात तीन पिढ्या वकिली चालत आलेली. तोही वकील, पण अशिलांपेक्षा रिळांची त्याला जास्त काळजी. वरंगलच्या बाजूला एक बंद पडलेली टॉकीज पाडायची होती, तिच्या गोदामातले डबे त्यानं मिळवले, चेन्नईच्या एका प्रयोगशाळेकडून साफ करून संगणकावर चढवून घेतले, आणि स्वतःसुद्धा न बघता पहिला खेळ अमरदीपच्या सन्मानार्थ ठेवला. मान आधी सरांचा, असं त्याचं म्हणणं. माणसं इतकी सभ्य असली की फार पंचाईत होते.

सर म्हणजे अमरदीप. विमा कंपनीत अधिकारी, वय बावन्न. पन्नास-साठच्या दशकातले, कुणालाही न आठवणारे विनोदी चोरपट हा त्याचा प्रांत. मोठ्या चित्रपटांवर लिहायला मोठी माणसं असतात. या चित्रपटांना कुणी नव्हतं. त्यांच्याकडे पैसा नसायचा. तिजोरी फोडतानाचं दृश्य घेणं परवडायचं नाही, म्हणून कॅमेरा बाहेर पहारा देणाऱ्या चोरावरच राहायचा, आणि आतून येणाऱ्या आवाजांवर त्याचा चेहरा जे काही करायचा, तीच चोरी. इन्स्पेक्टरचा गणवेश एकच, चित्रपट बदलला तरी तोच, काखेत उसवलेला. चोर वागायचे कारकुनांसारखे: वेळेवर यायचे, वर्तमानपत्रावर नकाशा काढायचे, सोबत डबा आणायचे आणि ऐन वेळी शिंकायचे. मरत कुणी नसे. मन लावून गुन्हा करू जाणाऱ्या माणसांना तो जमत नाही, यात अमरदीपला काहीतरी मोठं दिसायचं. दिवसभर लोकांच्या नुकसानीचे दावे तपासणाऱ्याला संध्याकाळी असं काही दिसावं लागतं. शिवाय हे चित्रपट दुसऱ्या कुणी पाहिलेलेच नसल्यामुळे वाद घालायला कुणी येत नसे.

पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण मात्र त्यानंही न पाहिलेल्या चित्रपटावर होतं. ‘पौने चार चोर’ची प्रत हरवली होती. तो त्याला उत्तमरावांनी सांगितला होता. एकदा नव्हे, वीज गेली की, नांदेडच्या गाडीत, ताप आला की उशाशी बसून.

चार चोर माळवदातून एका वकिलाच्या घरात उतरतात. वकीलसाहेब कंदिलापाशी कागद वाचत बसलेले. मान वर न करता म्हणतात, “उशीर केलात. खोली वर आहे. पाणी सकाळी येतं.” कुणी भाडेकरू यायचे असतात, ते हेच, अशी त्यांची समजूत. चोर सांगायला तोंड उघडतात. पण या शहरात खोली शोधून शोधून त्यांचे जोडे झिजलेले असतात. ते मुकाट्यानं वर जाऊन झोपतात. मग पुढचा सगळा चित्रपट म्हणजे, राहतो त्याच घरात चोरी कशी करायची. रोज ठरवतात, रोज काहीतरी निघतं. चौथा शिकाऊ, म्हणून पाऊण. तो रात्री कुलूप तोडतो आणि सकाळी स्वतःच्या खर्चानं नवं आणून लावतो. शेवटी भलत्याच चोरीत चौघं पकडले जातात, आणि कोर्टात वकीलसाहेब त्यांच्या बाजूनं उभे राहतात. जज्ज विचारतो, “तुमच्या भाडेकरूंची नावं काय?” वकील म्हणतो, “कधी विचारली नाहीत, हुजूर. गरज पडली नाही.”

इथं उत्तमराव दर वेळी थांबायचे, खाकरायचे आणि कुणाला तरी पाणी आणायला पाठवायचे.

त्या एका वाक्यावर अमरदीपनं सोळा पानं लिहिली. कायदा, ओळख आणि राष्ट्र यांवर. फ्रान्सच्या दोन विचारवंतांना त्यानं त्या खोलीत आणून बसवलं. परदेशातल्या एका प्राध्यापिकेनं आपल्या ग्रंथात त्या पानांचा तळटिपेत उल्लेख केला. तळटीप चौकटीत घालून भिंतीवर लावणं तेवढं राहिलं होतं.

पडद्यावर चौथा चोर आला. खिडकीतून. अर्धी चड्डी घातलेलं माकड.

सभागृह खदखदून हसलं. अमरदीपच्या पुस्तकात ‘पाऊणपणाची नैतिकता’ असा एक स्वतंत्र विभाग होता.

मागच्या रांगेतून त्याची मुलगी निशिगंधा पुढं झुकली.

“पप्पा, तुमच्या चॅप्टरमध्ये मंकी कुठाय?”

“बघ तू.”

“नाही, मी पूरा नाही वाचला, मी मराठी स्लो वाचते ना. पण मंकी असता तर याद राहिला असता मला.”

“निशी, नंतर.”

“हौ हौ, नंतर,” ती म्हणाली आणि मागं टेकली. तिला माकड आवडलं होतं.

पुढच्या रांगेतला हेमंत मात्र हसला नव्हता. त्याच्या मांडीवर पुस्तक होतं, त्यातून रंगीत चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. अंधारात त्यानं मोबाइलच्या उजेडात एक पान उघडलं, पडद्याकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं, आणि हळूच पुस्तक मिटलं.

मध्यंतर झालं. चहा आला. हेमंत दोन पेले घेऊन अमरदीपकडे आला.

“सर, वकिलाचं पात्र अजून यायचंय, नाही का?”

“हो.”

“सेकंड हाफमध्ये येत असेल.”

“यायला पाहिजे.”

“माझ्या वडिलांना मी तुमचं ते पान वाचून दाखवलं होतं,” हेमंत म्हणाला. “गेल्या वर्षी, दवाखान्यात होते तेव्हा. म्हणाले, असा वकील मी बघितला नाही, पण असायला हवा होता एखादा. म्हणून मी हे डबे इतके शोधले.” त्यानं चहाचा घोट घेतला. “शेवटी तुम्ही बोलाल ना, सर? दहा-पंधरा मिनिटं. मग प्रश्न घेऊ.”

अमरदीपनं मान हलवली. चोरपटातल्या माणसाला अशा वेळी एखादी खिडकी तरी सापडते. इथल्या खिडक्यांना जाळ्या होत्या, आणि एकुलत्या एका दारात चहाचं टेबल लावलं होतं.

तो वडिलांसमोर जाऊन उकिडवा बसला. उत्तमराव आणि नामदेवराव पेले धरून शेजारी शेजारी बसले होते. दोघंही साठच्या दशकात मराठवाड्यातून नोकरीसाठी या तेलुगू मुलखातल्या शहरात आलेले. एक सरकारी छापखान्यात, दुसरा टपाल खात्यात. आता एक विद्यानगरात मुलाकडे, एक नल्लकुंट्यात मुलीकडे. दोघांची ऐंशी जवळ आलेली.

“बाबा, नीट आठवा. तुम्ही हाच पाहिला होता का?”

“मी कशाला जातोय पाहायला? नंबर नामदेवचा होता.”

“कसला नंबर?”

उत्तमराव त्याच्याकडे बघत राहिले. या वयात पोराला हे माहीत नसावं, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

“अरे, एका खोलीत आम्ही चौघं, चौघांत एक तिकीट. पगार झाला की पहिल्या रविवारी. ज्याचा नंबर असंल त्यानं जायचं, बघायचं, आणि येऊन सांगायचं. गाण्यासकट. फाइट असंल तर फाइट. मध्यंतरात आपण त्याला चहा द्यायचा. सांगीव सिनेमा म्हणायचो आम्ही. मधी कुणी तोंड घातलं तर त्याचा पुढचा नंबर गेला.”

“म्हणजे तुम्ही तो पाहिलेला नाही.”

“पाहिला नाही कसं? नामदेवनं सांगितला!” उत्तमरावांचा आवाज चढला. “थेटरात जाऊन काय दिसतंय लोकांला? पुढच्याचं डोस्कं. ह्यानं तर वकिलाचा कंदील असा हातानं खाली वर करून दाखवला होता. काच काळी कुठवर, ते सुद्धा. तीन जणं बसलो होतो आम्ही. मारुती रडला. आता सांग.”

“काका,” अमरदीप म्हणाला.

नामदेवरावांनी बिस्कीट चहात बुडवलं होतं. ते बुडवून जरा जास्तच वेळ झाला, आणि अर्धं बिस्कीट पेल्यात पडलं. ते पेल्यात बघत राहिले.

“लई वर्षं झाली बाबा,” ते म्हणाले.

मध्यंतर संपलं, दिवे मालवले.

उत्तरार्धात एक नाच होता, त्यानंतर दुसरा नाच होता. हिरा केकमध्ये होता, मग केक बदलला गेला. वकील आला नाही. कोर्ट आलं नाही. अमरदीप आता पडद्याकडे बघतच नव्हता. वडिलांच्या डोक्याआडून त्याला नामदेवरावांच्या चेहऱ्याचा कडेचा भाग दिसत होता, त्यावर पडद्याचा उजेड लागत होता आणि विझत होता.

पिस्तूल सुटलं तेव्हा नामदेवराव दचकले. शेठ गादीखाली लपला तेव्हा तो कुठं गेला म्हणून ते शोधू लागले. आणि माकडानं तोंड उघडून जिभेवरचा हिरा दाखवला तेव्हा ते हसले. मोठ्यानं, अचानक, काखेत कुणी बोट घातल्यासारखे. असं हसू एकदा पाहिलेल्या माणसाला येत नाही.

हसून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. हळूच बाजूला बघितलं. अमरदीप बघत होता. दोघांमध्ये उत्तमराव बसलेले, त्यांचं लक्ष समोर. नामदेवरावांनी नजर खाली घेतली आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, सोडायला, परत गुंडाळायला.

ते त्या रविवारी कुठं गेले होते, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. तिकीट मिळालं नसेल. मिळून आत गेले नसतील. परत खोलीवर आले असतील तेव्हा तिघं जण भिंतीला टेकून बसलेले असतील, चहाचं आधण ठेवून.

ती नल्लकुंट्याची खोली मिळण्याआधी चौघांनी बरीच घरं पाहिली होती, हे अमरदीपला माहीत होतं. उत्तमराव तेही हसत सांगायचे. खोल्या रिकाम्या असायच्या, आडनाव सांगेपर्यंत. आडनाव ऐकलं की घरमालकाला एकाएकी आपला पुतण्या आठवायचा, जो गावाहून शिकायला यायचा असे. शहरभर पुतणे यायचे होते. एका घरात तर मालकानं कुलपाची किल्ली हातात दिलेली परत मागून घेतली होती. किल्ली कुणाच्या हातात होती, ते उत्तमरावांनी कधी सांगितलं नव्हतं. अमरदीपनंही विचारलं नव्हतं. त्याला तो विषय चित्रपटाशी संबंधित वाटला नव्हता.

आता अंधारात त्याला फ्रान्सचे ते दोघे आठवले. खोलीत ते अजून बसलेलेच होते. त्यांना उठवून लावावं तर कुठल्या तोंडानं?

पडद्यावर इन्स्पेक्टरनं गुन्हेगारीच्या दुष्परिणामांवर भाषण केलं. काखेत गणवेश उसवलेला होता, तेवढं एक अमरदीपच्या पुस्तकाप्रमाणे निघालं. माकडानं सलाम ठोकला. समाप्त.

टाळ्या पडल्या. लोकांना चित्रपट आवडला होता, ही आणखी एक गोष्ट.

हेमंतनं ध्वनिक्षेपक हातात घेऊन दोन शब्द सांगितले. सरांचं पुस्तक, सरांचा अभ्यास, आजचा योग. ‘योग’ म्हणताना तो जरा अडखळला. मग त्यानं ध्वनिक्षेपक अमरदीपच्या हातात दिला आणि समोर जाऊन बसला, पुस्तक मांडीवर, चिठ्ठी लावलेलं पान उघडून. उलटतपासणी घ्यायची त्याची इच्छा नव्हती. त्याला फक्त वकील कुठं गेला ते हवं होतं.

अमरदीपनं ध्वनिक्षेपकावर टिचकी मारली. तो चालू होता. त्याच्या मनात दोन वाक्यं तयार होती. एक खरं होतं. ते बोललं की पुस्तकातली पानं जायची, तळटीप जायची, जाईनात का. पण तिसऱ्या रांगेत दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते, आणि त्यातल्या एकानं साठेक वर्षं एक चित्रपट उराशी धरला होता. अमरदीपनं ‘चूक’ हा शब्द उच्चारला की तो शब्द सरळ त्या दोघांच्या मधल्या जागेत जाऊन पडणार होता.

त्यानं ध्वनिक्षेपक तोंडाजवळ नेला. कुणीतरी खोकलं.

“हा सिनेमा तो नव्हे,” उत्तमराव म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. लोक वळले. निशिगंधानं मागून त्यांचा सदरा ओढला, “आजोबा, बसा ना, कायकू उठलात,” पण ते बसले नाहीत.

“ह्याच्यात वकील नाही. चोर दरवाज्यातून आले. हे माकड कुठून आणलंय? दुसराच कुठला तरी लावलाय तुम्ही.”

काही जण हसले. हेमंत उठला. म्हाताऱ्या माणसाशी बोलायची त्याच्या घरातली जी रीत होती, त्याच रीतीनं तो बोलला.

“काका, नाव हेच आहे. नट तेच, साल तेच. सरांनी पुस्तकात दिलेलं सगळं जुळतंय. फक्त कथा—”

“कथेचंच सांगतोय मी.”

“आपण स्वतः पाहिला होता ना?”

“ह्यानं पाहिलाय.” उत्तमरावांनी नामदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. “ह्याला विचारा. ऊठ नामदेव. सांग त्यांला.”

हेमंत उत्सुकतेनं पुढं आला. साक्षीदार मिळाल्यावर वकिलाच्या चेहऱ्यावर येते ती उत्सुकता. त्याला ती आवरता येत नव्हती.

“आपण प्रत्यक्ष पाहिला होता? कुठल्या थेटरात, काही आठवतं?”

नामदेवराव उठले. उठायला त्यांना वेळ लागला. समोरच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली. पिशवी खाली पडली, ती उचलायला ते वाकले नाहीत. उत्तमराव त्यांच्याकडे बघत होते, मुलाला बक्षीस मिळताना बाप बघतो तसे. नामदेवरावांचं तोंड उघडलं. त्यांनी अमरदीपकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघितलं नाही.

“दोन होते,” अमरदीप ध्वनिक्षेपकात म्हणाला.

त्याचा स्वतःचाच आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीवरून परत आला.

“या नावाचे दोन चित्रपट निघाले होते. हा एक. दुसरा दोन वर्षांनी, दुसऱ्या कंपनीचा. नट बरेचसे तेच. त्या काळात असं व्हायचं.”

हेमंत त्याच्याकडे वळला.

“पुस्तकात याचा उल्लेख नाही, सर.”

“दुसऱ्या आवृत्तीत आहे.”

“दुसरी आवृत्ती निघतेय?”

“काढावी लागेल,” अमरदीप म्हणाला.

एका विषयावर जगात एकच माणूस अभ्यास करत असला की तो म्हणेल ते खरं. हेमंतच्या चेहऱ्यावरची शंका पाहता पाहता विरघळली, आणि तिच्या जागी जे आलं ते बघून अमरदीपला खाली बसावंसं वाटलं. तो आनंद होता. हेमंतनं ध्वनिक्षेपक जवळजवळ हिसकावून घेतला. म्हणजे शोध संपलेला नाही, तो म्हणाला. वकील आहे. कुठल्यातरी गोदामात, कुठल्यातरी डब्यात तो आहे, आणि आपलं मंडळ त्याला शोधून काढणार. त्यासाठी एक समिती नेमावी. अध्यक्ष अर्थातच सर. पुन्हा टाळ्या पडल्या. माकडापेक्षा थोड्या कमी.

नामदेवराव मघाच खाली बसले होते. निशिगंधानं पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाहेर ऊन चढलं होतं. उत्तमराव मोरीकडे गेले. निशिगंधा फोनवर ऑटो बोलवत होती, आणि येतो येतो म्हणणारा ऑटो कोठीच्या चौकात अडकून पडला होता. शाळेच्या फाटकाच्या सावलीत अमरदीप आणि नामदेवराव उभे राहिले. दोघांनाही बोलायचं नव्हतं आणि दुसऱ्यानं बोलावं असं वाटत होतं.

“तुझ्या पुस्तकात माझं नाव आहे का रे कुठं?” नामदेवरावांनी विचारलं.

“नाही काका. बाबांचं आहे.”

“हां. बरं झालं.”

“दुसऱ्या आवृत्तीत घालतो.”

“नक्को.” त्यांनी हात वर केला. “नक्को बाबा. तेवढं करू नको.” मग काही वेळानं, “जाडजूड असंल?”

“प्रकरण? आहे जरा मोठं.”

“समदं त्याच्यावरच?”

“हो.”

नामदेवराव फाटकाच्या गजावरचा गंज नखानं खरवडत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती असं म्हणावं, तर तिच्या कडेनं आणखी काहीतरी होतं, ते त्यांनी मान वळवून अमरदीपपासून लपवलं.

उत्तमराव हात झटकत आले.

“बघ,” ते दुरूनच म्हणाले, “मी म्हणलो की नाही? दोन होते. तू दुसरा पाहिलास. पोरानं बरोबर पकडलं.”

“हां, दुसरा,” नामदेवराव म्हणाले.

“हा कुठला फालतू. माकड काय, केक काय. आपल्या त्याच्यात एक तरी माकड होतं का?”

“नव्हतं.”

“मग!” उत्तमरावांनी समाधानानं रस्त्याकडे बघितलं. निशिगंधा फोनला म्हणाली, “भय्या, सीधा आओ, स्कूल के सामने, अरे वो दूसरा स्कूल.”

“त्याच्यात ते सायकलचं होतं बघ,” नामदेवराव म्हणाले.

“कुठलं सायकलचं?”

“वकिलाची सायकल. चोरांनी ठरवलं, बाकी काही जमंना तर निदान सायकल तरी न्यावी. तर ती पंक्चर.”

“हे कवा सांगितलंस तू?”

“सांगितलं की. पंक्चर सायकल विकत कोण घेणार? म्हणून आधी पंक्चर काढायला पायजे. आता चौघांत पंक्चर काढायला येतंय कुणाला? एकालाबी नाही. मग सायकल खांद्यावर घेतली, आणि निघाले चौघं रस्त्यानं. तर समोरून वकीलसाहेब.”

“थांब, थांब. हे मला आठवत नाही.”

“तू झोपला होतास.”

“मी?” उत्तमरावांनी छातीवर हात ठेवला. “मी झोपलो?”

“मध्यंतरानंतर. घोरत होतास. मारुतीनं ढोसलं बी तुला.”

इतक्या वर्षांनी आपल्या हातून एवढं काही निसटलं होतं, हे उत्तमरावांना आता कळत होतं. त्यांनी अमरदीपकडे बघितलं. अमरदीपनं फाटकाला पाठ टेकली. फोन खिशात थरथरला. हेमंतनं समितीचा गट तयार केला होता.

ऑटो येऊन उभा राहिला. “बैठो साब,” चालक म्हणाला. कुणी बसलं नाही.

“बरं, मग?” उत्तमराव म्हणाले. “वकील काय म्हणाला? सायकल बघून?”

“सांगतो,” नामदेवराव म्हणाले, आणि पिशवी खाली ठेवून त्यांनी नसलेली सायकल खांद्यावर घेतली.